हिशेब जुळला पाहिजे

माध्यमिक शाळेतल्या भौतिकशास्त्राची अनुक्रमणिका कोणत्याही मंडळाची घ्या, क्रम फारसा बदलत नाही. आधी गती, मग बल, मग कार्य आणि ऊर्जा. त्यामागून उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व. आणि सगळ्यांत शेवटी, वर्ष हातातून निसटत असताना, अणू, केंद्रक आणि किरणोत्सार. मुले ही प्रकरणे एकामागून एक उरकतात आणि बहुतेकांच्या डोक्यात ती सुटीसुटीच राहतात. गतीत तीन समीकरणे, उष्णतेत वेगळी अक्षरे, विजेत ओहमचा नियम. किरणोत्सारात तर गणित जवळजवळ नाहीच, अल्फा, बीटा आणि गॅमा यांच्यातला फरक सांगणारा तक्ता तेवढा पाठ करायचा. पेपर झाला की तक्ताही जातो आणि समीकरणेही जातात. या प्रस्तावनेत एकच गोष्ट पटवून द्यायची आहे : ही दहा-बारा प्रकरणे म्हणजे एकच लांबलेली चौकशी आहे. जगात काहीही हलले, तापले, पेटले वा फुटले, तरी एक राशी एकूणात घटत नाही आणि वाढतही नाही, हे माणसाला कसकसे पटत गेले त्याची ही हकिगत. त्या राशीला आपण ऊर्जा म्हणतो. दुकानदाराने रोजकीर्द लिहावी तसा तिचा जमाखर्च मांडता येतो, आणि प्रत्येक नवे प्रकरण म्हणजे त्याच वहीत उघडलेले नवे खाते असते. किरणोत्सार हे त्यातले शेवटचे खाते. ते एकटे वाचले तर त्यात चमत्कारापलीकडे काही दिसत नाही.

सुरुवात गतीपासून का, हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत. पण विचारायला हवा. उत्तर असे, की गती मोजता येते. मोजपट्टी आणि घड्याळ एवढ्यावर काम भागते. अर्थात अचूक घड्याळ नसतानाही गॅलिलिओने ते भागवले. सरळ खाली पडणारी वस्तू इतक्या झटकन पडते, की त्याच्या काळात तिची वेळ मोजणे अशक्य होते. म्हणून त्याने पितळी गोळा उतरत्या फळीतल्या खाचेतून घरंगळत सोडला. उतारामुळे पडणे मंदावले, आणि बारीक धारेने भांड्यात जमलेले पाणी तोलून त्याने वेळ काढली. समान काळांत गोळ्याने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात निघाली. म्हणजे एकूण अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे सगळे त्याच्या १६३८ सालच्या ग्रंथात आहे. पण त्याच ग्रंथातली दुसरी एक गोष्ट आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची, आणि शाळेत तिच्याकडे दुर्लक्ष होते. लंबकाच्या दोरीच्या वाटेत एक खिळा ठोकला, तर दोरी खिळ्याला अडते आणि गोळा वेगळ्या, आखूड कमानीवरून वर चढतो. तरीही तो जवळजवळ मूळच्याच उंचीपर्यंत पोचतो. वाट बदलली, उंची बदलली नाही. यावरून गॅलिलिओने ओळखले, की खाली पोचताना वस्तूला किती वेग येतो हे ती कोणत्या वाटेने उतरली यावर ठरत नाही, किती उंचीवरून उतरली यावर ठरते. ऊर्जा हा शब्द आजच्या अर्थाने वापरात यायला अजून सुमारे दोनशे वर्षे होती. वहीत पहिली नोंद मात्र इथे झाली : उंची दिली, वेग घेतला, वेग दिला, उंची परत मिळाली.

वेगाचे मोल नेमके किती धरायचे, यावर पुढे युरोपात चांगलेच भांडण झाले. देकार्तच्या अनुयायांचे म्हणणे असे, की गतीचे माप वस्तुमान गुणिले वेग. लायब्निझने १६८६ मध्ये त्याला हरकत घेतली : दुप्पट वेगाने वर फेकलेली वस्तू दुप्पट नव्हे, चौपट उंच जाते, म्हणून माप वेगाच्या वर्गाचे हवे. १७२०च्या दशकात लायडनच्या स्ख्रावेसांदे याने पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले, आणि दुप्पट वेगाच्या गोळ्याने चौपट खळगा पाडला. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले हिने हा प्रयोग उचलून धरला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे फ्रेंच भाषांतर करणारी ही विदुषी, ते भाषांतर तिच्या मृत्यूनंतर १७५९ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाले. न्यूटनची इतकी जाणकार असूनही या वादात तिने लायब्निझची बाजू घेतली, हे तिच्या बुद्धीच्या स्वतंत्र वाटचालीचे लक्षण म्हणावे लागेल. आज आपण सांगतो की दोन्ही पक्ष बरोबर होते. वस्तुमान गुणिले वेग हा संवेग, आणि तोही अक्षय्य असतो. पण त्याला दिशा असते. वेगाच्या वर्गाशी बांधलेली ती गतिज ऊर्जा, आणि तिला दिशा नसते. हा वर्ग कागदावरचा नाही. चालकासह २०० किलोची मोटारसायकल ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा १०,००० ज्यूल. ताशी ७२ किलोमीटरला ती २०,००० नव्हे, ४०,००० ज्यूल होते. ब्रेक तेच असतील तर थांबायला चौपट रस्ता लागतो. उंचीच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे ५ मीटरांवरून पडणे, दुसऱ्या वेगाने आदळणे म्हणजे २० मीटरांवरून, सहाव्या मजल्याच्याही वरून. हेल्मेटवरची भाषणे ऐकून न वळणाऱ्याला निदान हा वर्ग तरी वळावा.

पण हा मातीतला गोळा एक अडचण उभी करतो. तो खळगा पाडून थांबला. त्याची उंचीही गेली आणि वेगही गेला. मग हिशेब जुळला कुठे? गतीच्या प्रकरणात आपण ‘घर्षण नाही असे समजा’ असे म्हणून सुटका करून घेतो. विद्यार्थ्याला हे लबाडीचे वाटते, आणि त्याचे काही चुकत नाही. घर्षणाचे उत्तर उष्णतेच्या प्रकरणात आहे, दोन्हींच्या मध्ये कधी कधी सहा महिन्यांचे अंतर पडते, आणि तोवर प्रश्न विसरलेला असतो. म्युनिकच्या तोफखान्यात तोफांना भोके पाडण्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या काउंट रम्फर्डने १७९८ मध्ये दाखवून दिले, की बोथट हत्यार नुसते घासत राहिले तरी भोवतालचे पाणी अडीच तासांत उकळते, आणि घासणे चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते. म्हणजे उष्णता हा धातूत साठवलेला द्रव असणे शक्य नव्हते. जावा बेटाकडे जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर राहिलेल्या मायरने १८४२ मध्ये गती आणि उष्णता यांचा विनिमय दर असला पाहिजे असे मांडले. तो दर चोख मोजला मँचेस्टरच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातल्या जेम्स ज्यूलने. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापले ते पाहायचे, असा त्याचा साधा बेत. त्याचा १८५० सालचा आकडा आपल्या मापांत आणला तर एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात.

या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण पाठ्यपुस्तके त्यावरून फार घाईने पुढे जातात. ४,२०० ज्यूल म्हणजे तेच एक किलो पाणी जवळजवळ ४३० मीटर उंच उचलण्याचे कार्य. उलटे सांगायचे तर सह्याद्रीच्या कड्यावरून चारशे-सव्वाचारशे मीटर खाली कोसळलेले पाणी, वाटेत बाकी काहीच घडले नाही असे धरले, तर तळाशी जेमतेम एका अंशाने तापते. घर्षणात हरवलेली ऊर्जा इतकी शतके कुणाला सापडली नाही याचे कारण हेच. ती कुठे पळून गेली नव्हती. तापमानातल्या इतक्या बारीक फरकात ती लपली होती, की चांगला तापमापक हाती असल्याशिवाय दिसणे शक्य नव्हते. चहासाठी एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३ लाख १५ हजार ज्यूल लागतात. ५० किलो वजनाची मुलगी तीन मीटर उंचीचा एक मजला चढली तर १,५०० ज्यूलचे कार्य होते. म्हणजे एका लिटर पाण्याच्या उकळीत २१० मजल्यांची चढण आहे. असे आकडे स्वतः काढून पाहिल्यावरच उष्णता हे किती भारी चलन आहे ते उमगते.

सगळी प्रकरणे एका ओळीत पाहायची तर त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जायला नको. कराडला कृष्णेला मिळून पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाऊ पाहणारे कोयनेचे पाणी शिवसागर जलाशयात अडवले आहे. त्यातले बरेचसे बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवून पोफळीजवळ चारशे मीटरांहून अधिक खाली सोडतात. तिथे त्याने टर्बाइन फिरते आणि पाणी पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. उंचीवरच्या पाण्याची स्थितिज ऊर्जा, खाली येतानाची गतिज ऊर्जा, टर्बाइनवरचे कार्य, चुंबकाच्या सान्निध्यात फिरणारी तारेची वेटोळी आणि फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन, तारांतून वाहणारी विद्युतधारा, आणि शेवटी कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या गिझरमध्ये तापणारे पाणी : अर्धा अभ्यासक्रम या एका वाटेवर आहे. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. गळती मुळीच नाही असे धरले तर एका युनिटसाठी १,००० लिटर पाणी ३६७ मीटर खाली यावे लागते. त्या एका युनिटमध्ये वीस लिटरची बादली वीस अंशांवरून साठ अंशांच्या थोडी वर जाते. एक टन पाणी डोंगर उतरते तेव्हा एक बादली पाणी तापते. मग पाणी वर नेले कुणी? सूर्याने, समुद्राची वाफ करून, मोसमी वाऱ्याबरोबर. आणि सूर्याला ही ऊर्जा कुठून मिळाली? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाशी येऊन भल्याभल्यांचा हिशेब अडला.

लॉर्ड केल्व्हिन हा त्या शतकातला सर्वांत कसलेला हिशेबनीस. पृथ्वी मुळात वितळलेली होती आणि तेव्हापासून निवत आली आहे असे धरून त्याने १८६२ मध्ये तिचे वय दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान काढले. पुढे तर तो खालच्या आकड्याकडेच झुकत गेला. सूर्य आपल्याच वजनाने आक्रसत तापतो असे मानून त्याचे आयुष्यही काही कोटी वर्षांचेच येत होते. भूवैज्ञानिकांना आणि डार्विनला हा काळ अगदी अपुरा होता, पण केल्व्हिनच्या गणितात त्यांना खोट काढता येईना. गणितात खोट नव्हतीच. वहीत एक खाते कमी होते. ते १८९६ मध्ये पॅरिसला उघडले. बेकेरेल युरेनियमचे क्षार उन्हात ठेवून त्यांचा फोटोच्या काचेवर काय परिणाम होतो ते पाहत होता. आकाश ढगाळ राहिले म्हणून त्याने क्षार आणि काच खणात ठेवून दिली, आणि ऊन न लागताही काच काळवंडली. बाहेरून काही न घेता युरेनियम काहीतरी देत होते. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधले, आणि १९०३ मध्ये पिएर क्युरी व लाबोर्द यांनी रेडियमची उष्णता मोजली : एका ग्रॅममागे ताशी सुमारे १०० कॅलरी.

हा आकडा शालेय पुस्तकात आलाच तर माहितीच्या चौकटीत येतो, आणि विद्यार्थ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. ज्याने उष्णतेचे प्रकरण मन लावून केले आहे त्याला मात्र वाटेल. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. म्हणजे रेडियम दर तासाला आपल्या वजनाहून अधिक बर्फ वितळवते. तासाची १०० कॅलरी या दराने वर्षाची बेरीज सुमारे ३७ लाख ज्यूल होते, म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट. पोफळीला एक टन पाणी उतरवून मिळते तेवढे. हे एका ग्रॅममधून, आणि हा ओघ निम्म्यावर यायला १,६०० वर्षे. कोळसा जळाला की राख उरते आणि खाते बंद होते. इथे वर्षानुवर्षे रक्कम निघत राहते आणि वजनात फरक दिसत नाही. रदरफर्ड आणि सॉडी यांनी याच सुमारास सांगितले, की एका मूलद्रव्याचा अणू फुटून दुसऱ्या मूलद्रव्याचा होतो आहे, आणि दर अणूमागे निघणारी ऊर्जा कोणत्याही रासायनिक क्रियेच्या लाखो पट आहे. आइनस्टाइनने १९०५ मध्ये वस्तुमान हेही ऊर्जेचेच खाते असल्याचे दाखवले, आणि रक्कम कुठून येते तेही स्पष्ट झाले. अणुभट्टीत एक किलो युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाले तर वस्तुमान जेमतेम एक ग्रॅमने घटते. तेवढ्यात सुमारे तीन हजार टन चांगल्या कोळशाची उष्णता मिळते. तारापूरला १९६९ पासून वीज निघते ती या एका ग्रॅमच्या फरकावर. सूर्याचा प्रश्नही याच वाटेने सुटला. तिथे मात्र विखंडन होत नाही, हायड्रोजनचे हेलियम होते. पृथ्वीच्या वयाच्या बाबतीत केल्व्हिनचे उत्तर चुकण्याचे कारण किरणोत्साराची उष्णता एवढेच नव्हते. पृथ्वीच्या पोटातला तप्त खडक अत्यंत सावकाश वाहत उष्णता वर आणतो, हेही त्याने धरले नव्हते. पुस्तकांत ही दुसरी बाजू गाळली जाते. पण वय मोजायचे घड्याळ किरणोत्सारानेच दिले. ज्या काळ्या पाषाणातून कोयनेचे बोगदे खोदले, तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, हे त्यातल्या पोटॅशियमचे किती आर्गॉन झाले यावरून ठरले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या इनामगावच्या शेतकरी वस्तीचा इसवी सनापूर्वीचा काळ ठरवताना कार्बन-१४ कामी आला. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे.

आतापर्यंतचे वाचून कुणी म्हणेल, की हिशेब जुळला नाही की नवे खाते काढायचे, ही तर सोयीची युक्ती झाली. अशाने कोणताही नियम कधीच खोटा ठरणार नाही. ही हरकत खरोखर वजनाची आहे, आणि तिचे उत्तर बीटा किरणांच्या इतिहासात मिळते. अल्फा कण बाहेर पडतात ते ठरावीक ऊर्जेचे. बीटा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, मात्र तसे वागत नाहीत. चॅडविकने १९१४ मध्ये दाखवले, की त्यांची ऊर्जा जवळजवळ शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत कितीही असते. आधीचा आणि नंतरचा अणू तोच, पण निघणारी रक्कम दर वेळी वेगळी. नील्स बोरसारखा माणूस अणूच्या आत ऊर्जेची अक्षय्यता कदाचित पाळली जात नसेल, असे म्हणायला तयार झाला. पाउलीने डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रातून दुसरा मार्ग सुचवला : इलेक्ट्रॉनबरोबर विद्युतभार नसलेला, जवळजवळ कशातही न अडकणारा आणखी एक कण निघत असावा आणि उरलेली ऊर्जा तो नेत असावा. ही युक्तीच होती, आणि पाउलीला तिचा संकोचही वाटत होता. पण ती तपासता येण्याजोगी युक्ती होती. असा कण असेल तर तो कधी तरी कुठे तरी धडकला पाहिजे, आणि किती वेळा धडकेल हेही आधी सांगता आले पाहिजे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या अणुभट्टीशेजारी कोवन आणि राइनस यांनी तो कण, म्हणजे न्यूट्रिनो, पकडला. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह, वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा टिपले, त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत दुसऱ्या गटानेही. रक्कम जुळत नाही म्हणून कागदावर मांडलेला कण सव्वीस वर्षांनी हाती लागतो, तेव्हा त्या खात्याला सोयीचे म्हणता येत नाही. शाळेतल्या तक्त्यात ‘बीटा म्हणजे इलेक्ट्रॉन’ एवढीच ओळ असते. तिच्यासाठी काय पणाला लागले होते, ते कुठेच नसते.

शिक्षकांची हरकत वेगळी असते. ऊर्जा दिसत नाही, हाताला लागत नाही. ढकलणे आणि ओढणे मुलाला कळते, म्हणून बलापासूनच शिकवावे. हे खरे आहे, आणि बल वगळा असे इथे कुणी म्हणत नाही. कार्याची व्याख्याच बल आणि विस्थापन यांतून येते. पण बलाच्या वाटेने गेल्यावर वर्षाच्या मध्यात रस्ता संपतो. उष्णतेत बल शोधून सापडत नाही, किरणोत्साराच्या शालेय पातळीवर तर नाहीच. शेवटपर्यंत सोबत राहते ती ऊर्जा. परीक्षेचा मुद्दाही याला आडवा येत नाही. सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल, हे गतीच्या समीकरणांनी काढताना चिन्हांचा गोंधळ होतो. ऊर्जेच्या हिशेबाने एका ओळीत २० मीटर येते, आणि उत्तर ताडून पाहायचा दुसरा मार्गही हाती राहतो. किरणोत्साराबद्दल म्हणतात, की तो शाळेत करून पाहता येत नाही. स्रोत हाताळता येत नाही, हे योग्यच. पण त्याचे गणित करून पाहता येते. शंभर नाणी उधळा, छापे पडलेली बाजूला काढा, उरलेली पुन्हा उधळा. दर वेळी साधारण निम्मी उरतात, आणि पुढच्या खेपेला कोणते नाणे जाणार हे कुणालाच सांगता येत नाही. अर्धायुष्य म्हणजे नेमके हेच. शिवाय माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियममध्येच दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात, हे ज्याला माहीत आहे तो किरणोत्साराची बातमी वाचताना ‘आहे की नाही’ असे न विचारता ‘किती’ असे विचारतो. तारापूरची अणुभट्टी आणि जैतापूरचा नियोजित अणुप्रकल्प ज्या राज्यात आहेत तिथल्या मतदाराला हा प्रश्न विचारता यावा.

या दृष्टीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाही तर वाचकाची फसगत होईल. ऊर्जेचा जमाखर्च काय घडू शकत नाही ते सांगतो. काय घडेलच, आणि कधी, ते सांगत नाही. गरम चहा आपोआप निवतो. खोलीतल्या हवेने आपली उष्णता देऊन तो पुन्हा उकळला तरी बेरीज बिघडणार नाही, पण तसे होत नाही. ऊर्जा अक्षय्य आहे तर ‘ऊर्जा वाचवा’ कशाला, या विद्यार्थ्यांच्या रास्त प्रश्नाचे उत्तर इथे आहे : बेरीज टिकते, उपयोगी पडण्याची क्षमता टिकत नाही. एखादा रेडियमचा अणू आज फुटेल की दोन हजार वर्षांनी, यावरही हिशेब गप्प असतो. आणि किरणांचा शरीरावरचा परिणाम पाहिला तर नुसती बेरीज उघड उघड दिशाभूल करते. संपूर्ण शरीराला थोड्या वेळात दर किलोमागे चार ते पाच ज्यूल इतकी किरणांची मात्रा बसली, तर उपचारांविना निम्मी माणसे दगावतात. तेवढ्याच उष्णतेने शरीराचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतके वाढेल. चहाचा एक घोट त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा पोटात नेतो. फरक पडतो तो ती रक्कम कुठे आणि कशी खर्ची पडते याने. किरण एकेका रेणूवर प्रचंड ऊर्जा ओततात आणि पेशींतले रासायनिक बंध तोडतात. चहा ती सगळीकडे थोडी थोडी वाटतो. गॅमाहून अल्फा कण शरीराच्या आत गेल्यावर अधिक घातक का, हेही यावरूनच कळते.

पुढची प्रकरणे वाचताना गणिताची धास्ती बाळगू नये. प्रमाण, वर्ग आणि वर्गमूळ, दहाचे घात आणि सरळ रेषेचा आलेख एवढे येत असले की पुरे. गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० धरले तरी चालेल. एकक लिहायला मात्र कधीही विसरू नये, कारण निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात. प्रत्येक उदाहरणाचे उत्तर आल्यावर ते ज्यूलमध्ये मांडून आधीच्या प्रकरणातल्या एखाद्या आकड्याशेजारी ठेवून पाहावे. पहिल्या प्रकरणासाठी एक लांब फळी, दोन-चार गोट्या, मोजपट्टी, दोरी, एक खिळा आणि सेकंद मोजणारा मोबाइल एवढे साहित्य जमवून ठेवा आणि मगच पान उलटा.